श्रीरंगपट्टणचे दप्तर आणि युद्धाचा जाब

म्हैसूर शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या दोन प्रवाहांनी वेढलेल्या बेटावर श्रीरंगपट्टण वसले आहे. ४ मे १७९९ रोजी दुपारी ब्रिटिश फौजेने तटाला पडलेल्या खिंडारातून आत प्रवेश केला आणि रात्र पडण्यापूर्वी टिपू सुलतान मारला गेला. त्यानंतर झालेली शहराची लूट, जडजवाहिरांची व सिंहासनाच्या तुकड्यांची वाटणी, सुलतानाच्या ग्रंथसंग्रहाचे कलकत्त्याला आणि लंडनला झालेले स्थलांतर यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. राजवाड्यात सापडलेल्या आणखी एका वस्तूकडे मात्र सामान्य वाचकाचे लक्ष कमी जाते. ती वस्तू म्हणजे सुलतानाचे दप्तर. फ्रेंचांशी झालेला पत्रव्यवहार, वकिलांना दिलेल्या सूचना, परराज्यांतून आलेली पत्रे असे बरेच काही त्यात होते. विजेत्यांच्या लेखी या कागदांचे मोल हिऱ्यामाणकांहून कमी नव्हते. युद्ध जिंकून झाले होते. परंतु ते का केले, याचा जाब अद्याप द्यावयाचा होता.

हा जाब कोणाला द्यावयाचा होता? म्हैसूरच्या प्रजेला निश्चितच नव्हे. कलकत्त्यात बसून राज्यकारभार पाहणारा गव्हर्नर जनरल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा सेवक होता. १७८४ पासून त्या संचालकांवर ब्रिटिश सरकारच्या नियंत्रक मंडळाची देखरेख सुरू झाली होती, आणि या सर्वांच्या वर पार्लमेंट होते. युद्ध पुकारण्याच्या बाबतीत तर पार्लमेंटने गव्हर्नर जनरलचे हात कायद्यानेच बांधून ठेवले होते. या कायद्याचे मूळ शोधू लागल्यास ते पुण्याजवळच्या वडगाव येथे सापडते.

१७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावाचा पक्ष घेऊन पेशव्यांच्या गृहकलहात हात घातला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने त्यांचा सुरतेचा तह नामंजूर करून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला; परंतु मुंबईकरांनी तोही मनापासून पाळला नाही. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेली त्यांची फौज वडगावी कोंडली गेली आणि तिला नामुष्कीचा करार लिहून द्यावा लागला. युद्ध पुढे रेंगाळले. १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने ते संपले, तेव्हा कंपनीवर कर्जाचा डोंगर उभा राहिला होता आणि साष्टीव्यतिरिक्त सांगण्यासारखे काही तिच्या पदरी पडले नव्हते. त्याच वर्षाच्या मे महिन्यात कॉमन्स सभागृहाने या धोरणाचा निषेध केला. हिंदुस्थानात विजयाच्या व राज्यविस्ताराच्या योजना आखणे हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेस व प्रतिष्ठेस सोडून आहे, असे मत त्या सभागृहाने नोंदविले. आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज व मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी यांना परत बोलवावे, असेही सुचविले. संचालक त्यास राजी झाले. कंपनीच्या भागधारकांनी मात्र संचालकांचा निर्णय फिरविला आणि हेस्टिंग्ज आपल्या जागी कायम राहिला.

या अनुभवातून १७८४ च्या कायद्यात एक कलम घालण्यात आले. लंडनची स्पष्ट आज्ञा असल्याखेरीज गव्हर्नर जनरलने हिंदुस्थानातील कोणत्याही राजाविरुद्ध युद्ध पुकारू नये, किंवा युद्धाच्या हेतूने तहही करू नये, असे त्यात म्हटले होते. याला अपवाद एकच होता. शत्रूने ब्रिटिशांवर अगर त्यांच्या आश्रितांवर प्रत्यक्ष हल्ला केला असेल, किंवा हल्ल्याची प्रत्यक्ष तयारी केली असेल, तर गव्हर्नर जनरलला शस्त्र उचलण्याची मोकळीक होती. अशा वेळी ज्या माहितीच्या आधारे त्याने युद्ध सुरू केले ती सर्व माहिती, आपल्या कारणांसह, त्याने त्वरेने संचालकांना कळविली पाहिजे, अशीही अट होती.

कायदा करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता यात शंका नाही. इंग्लंडला पत्र जाऊन त्याचे उत्तर येण्यास त्या काळी वर्षाच्या आसपास अवधी लागत असे. त्यामुळे काही ना काही अपवाद ठेवणे भागच होते. परंतु त्या अपवादामुळे सारा भार एका प्रश्नावर येऊन पडला. शत्रूने ‘तयारी’ केली होती काय? याचे उत्तर कागदांतूनच मिळावयाचे होते. ते कागद गोळा करणारा, त्यांची निवड करणारा, त्यांचे भाषांतर करवून लंडनला धाडणारा मनुष्य मात्र तोच, ज्याच्या कृत्याची तपासणी व्हावयाची होती.

कायद्यातील ही फट प्रथम लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या ध्यानात आली. १७८९ मध्ये निजामाशी नवा तह करण्यास कायद्याची आडकाठी असल्यामुळे त्याने तह न करता एक पत्र लिहिले, आणि ते तहाइतकेच बंधनकारक मानावे असे कळविले. कंपनीची फौज कोणाविरुद्ध वापरता येणार नाही, याची यादी त्या पत्रात होती. तीत टिपूचे नाव नव्हते. टिपूने यातून काढावयाचा तो अर्थ काढला. पुढे १७९१ मध्ये फॉक्स प्रभृतींनी पार्लमेंटमध्ये हा विषय काढला असता सभागृहाने कॉर्नवॉलिसची पाठराखण केली. त्या युद्धाच्या अखेरीस, १७९२ मध्ये, टिपूचे अर्धे राज्य गेले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन हे मराठ्यांच्या बाजूने त्या मोहिमेत होते व पेशव्यांनाही त्या राज्याचा वाटा मिळाला, हे सर्वश्रुतच आहे.

१७९८ ची हकीगत याहून गुंतागुंतीची आहे. आदल्या वर्षाच्या प्रारंभी रिपो नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी मोडकळीस आलेले जहाज घेऊन मंगळूरला येऊन पोहोचला. आपण मॉरिशसच्या सरकारचे प्रतिनिधी आहोत आणि तेथे मोठी फ्रेंच फौज टिपूच्या मदतीसाठी सज्ज आहे, अशी बतावणी त्याने केली. हा मनुष्य लबाड आहे, असा इशारा दरबारातील मंडळींनी दिला होता. तरीही टिपूने दोन वकील मॉरिशसला पाठविले. व्यापाऱ्यांच्या वेषात जावे आणि कामाची कुठे वाच्यता होऊ देऊ नये, अशी त्यांना ताकीद होती. तेथे फौज नव्हतीच. मॉरिशसचा गव्हर्नर मालार्तिक याने मात्र वकिलांचा जाहीर सत्कार केला आणि ३० जानेवारी १७९८ रोजी एक जाहीरनामा काढला. टिपू इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांशी युती करू इच्छितो, तरी नागरिकांनी त्याच्या सैन्यात स्वेच्छेने दाखल व्हावे, असे त्याने सर्व जगाला ओरडून सांगितले. त्याने असे का केले असावे, याविषयी पुष्कळ तर्क लढविले गेले आहेत; टिपूच्या शत्रूला याहून उपयुक्त कागद कोणी लिहून दिला नसता, एवढे मात्र खरे. या आवाहनाला प्रतिसाद देऊन एप्रिलच्या अखेरीस मंगळूरच्या किनाऱ्यावर जे सैन्य उतरले त्याची संख्या सुमारे शंभर होती.

याच सुमारास नवा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली हिंदुस्थानात पोहोचला. तेव्हा तो लॉर्ड मॉर्निंग्टन या नावाने ओळखला जात असे. वाटेत केप ऑफ गुड होप येथे मुक्काम असतानाच त्याने हैदराबादमधील फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी कशा मोडून काढाव्यात, याविषयी लंडनला सविस्तर लिहिले होते. ८ जूनला मालार्तिकचा जाहीरनामा कलकत्त्याच्या वृत्तपत्रात छापून आला. प्रथम त्याच्या खरेपणाविषयी वेलस्लीलाही शंका वाटली. थोड्याच दिवसांत अधिकृत प्रत हाती आली. मॉरिशसहून आलेल्या काही प्रवाशांच्या शपथेवर जबान्या घेण्यात आल्या. आणि २० जूनला त्याने मद्रासच्या जनरल हॅरिसला फौज जमविण्याचा हुकूम दिला. फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात निघाल्याची वार्ता तेव्हा त्याच्या कानीही नव्हती. नेपोलियन ईजिप्तला उतरला तो जुलैमध्ये. यास्तव, ईजिप्तच्या स्वारीमुळे म्हैसूरचे युद्ध अटळ झाले, हे जे पुढे वारंवार सांगण्यात आले, ते तारखांच्या कसोटीस उतरत नाही.

मद्रासमधून या हुकुमाला विरोध झाला. तेथील चिटणीस जोशाया वेब याने खजिन्याची स्थिती, बैलांचा व दाणागोट्याचा तुटवडा आणि मागील युद्धाचा अनुभव यांकडे बोट दाखवून युद्ध टाळण्याचा सल्ला दिला. वेलस्लीला तात्काळ आक्रमण करावयाचे होते. तयारीला अवधी लागणार असे दिसताच त्याने मोहीम लांबणीवर टाकली, विचार सोडला नाही. १२ ऑगस्टच्या आपल्या प्रदीर्घ टिपणात त्याने आपली बाजू मांडली आहे. टिपूला मिळालेली मदत क्षुल्लक आहे, हे त्याने तेथे नाकारले नाही. त्याचा युक्तिवाद असा की, मदत किती मिळाली यापेक्षा ती कोणत्या उद्देशाने मागितली हे महत्त्वाचे. कायद्याने ‘प्रत्यक्ष तयारी’ मागितली होती. त्या जागी आता ‘उद्देश’ हा शब्द अलगद येऊन बसला.

या काळात तो टिपूला काय लिहीत होता, हे पाहणे उद्बोधक आहे. वायनाड तालुक्याच्या मालकीविषयी जुना तंटा होता. ७ ऑगस्टला, म्हणजे वरील टिपणाच्या अवघे पाच दिवस आधी, वेलस्लीने तो टिपूच्या बाजूने निकालात काढला आणि तसे स्नेहभावाचे पत्र पाठविले. मॉरिशसच्या वकिलातीविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. सप्टेंबरमध्ये निजामाशी तह झाला. २२ ऑक्टोबरला हैदराबादची फ्रेंच पलटण निःशस्त्र करण्यात आली. महिन्याच्या शेवटी नाइलच्या लढाईत नेल्सनने फ्रेंच आरमाराचा नाश केल्याची बातमी कलकत्त्यास पोहोचली. फ्रेंचांशी चाललेल्या व्यवहाराबद्दल टिपूला प्रथम विचारणा झाली ती त्यानंतर, ८ नोव्हेंबरच्या पत्रात. जूनमध्ये ज्या गोष्टीसाठी फौज गोळा करण्याचा हुकूम सुटला होता, तिच्याविषयीचा पहिला प्रश्न विचारण्यास जवळजवळ पाच महिने लागले. धोका होता त्या वेळी मौन, आणि धोका ओसरल्यावर जाब, असा हा क्रम आहे. आधी विचारले असते तर आपली दुर्बलता उघड झाली असती, असे वेलस्लीचे म्हणणे होते. सेनापतीच्या तोंडी हे समर्थन शोभते. ज्या शासनकर्त्याला कायद्याने युद्धाची मनाई आहे, त्याच्या तोंडी ते शोभते काय, हा प्रश्न उरतोच.

टिपूचे उत्तर टाळाटाळीचे होते. आपले जहाज तांदूळ घेऊन मॉरिशसला गेले होते व येताना त्यातून काही फ्रेंच कारागीर पोटासाठी आले, अशी सारवासारव त्याने केली. ते खरे नव्हते. ३१ डिसेंबरला वेलस्ली स्वतः मद्रासला आला, आणि ९ जानेवारी १७९९ च्या पत्राने त्याने टिपूला उत्तरासाठी एका दिवसाची मुदत दिली. ३ फेब्रुवारीला फौजेला कूच करण्याचा हुकूम झाला. इंग्रजांच्या प्रतिनिधीला भेटण्याची तयारी दाखविणारे टिपूचे पत्र त्यानंतर आले. तोवर हॅरिसने वेल्लोर सोडले होते. रीतसर युद्धघोषणा २२ फेब्रुवारीची आहे. तीन महिन्यांच्या आत सर्व आटोपले.

टिपूला निरपराध ठरविण्याचे कारण नाही. गेलेला मुलूख परत मिळविण्याची त्याची इच्छा होती, त्यासाठी त्याने फ्रेंचांकडे आणि काबूलच्या जमानशाहाकडे मदतीची याचना केली, हे त्याच्याच दप्तराने सिद्ध झाले. लंडनच्या गुप्त समितीनेही जाहीरनाम्याची प्रत मिळताच, टिपूची तयारी दिसून आल्यास वाट न पाहता त्याच्यावर चालून जाण्यास अनुमती दिली होती. मात्र विनाकारण युद्धात पडू नये, असेही बजावले होते. प्रश्न शत्रूच्या भलेपणाचा नव्हता. युद्ध अटळ होते की हवे होते, आणि हे ठरविणाऱ्याने आपल्या वरिष्ठांपुढे सत्य किती ठेवले, एवढाच होता.

विजयानंतर म्हैसूरची व्यवस्था लावण्यासाठी पाच जणांचे मंडळ नेमले गेले. त्यात गव्हर्नर जनरलचे आर्थर आणि हेन्री हे दोन सख्खे भाऊ होते. जून १७९९ मध्ये राज्याची वाटणी झाली; मधला भाग वडियार घराण्यातील पाच वर्षांच्या कृष्णराजाच्या नावे ठेवण्यात आला. पेशव्यालाही अटींसह एक तुकडा देऊ करण्यात आला होता. त्या अटी पुणे दरबाराने मान्य न केल्याने तोही इंग्रज व निजाम यांनी वाटून घेतला. मंडळातील कर्कपॅट्रिक फारसीचा जाणकार होता. दप्तरातील निवडक पत्रांची भाषांतरे सरकारी छापखान्यातून बाहेर पडली, आणि मोहिमेत भाग घेतलेल्या अलेक्झांडर बीटसनने युद्धाच्या कारणांचा इतिहास १८०० मध्येच प्रसिद्ध केला. पार्लमेंटने तर ऑक्टोबर १७९९ मध्येच आभाराचा ठराव करून टाकला होता. कंपनीने वेलस्लीला वीस वर्षे दरसाल पाच हजार पौंड देऊ केले. मिळालेल्या विजयाची कारणे तपासण्याची घाई कोणत्याही विधिमंडळाला नसते.

श्रीरंगपट्टणच्या कागदांचा खरा कस लागला तो कर्नाटकच्या प्रकरणात. येथे कर्नाटक म्हणजे आजचे राज्य नव्हे, तर अर्काटच्या नबाबाचा, आता बहुतांशी तमिळनाडूत असलेला मुलूख होय. नबाब महंमद अली हा इंग्रजांचा जुना दोस्त. कर्जाने तो त्यांच्या सावकारांच्या मुठीत गेलेला होता. १७९५ मध्ये तो वारला आणि उम्दत-उल्-उमरा गादीवर आला. सबंध मुलूख आपल्या ताब्यात यावा, अशी मद्रास सरकारची इच्छा होती. परंतु १७९२ चा तह आड येत होता. अशा वेळी टिपूच्या दप्तरात, त्याच्या दोन वकिलांनी मद्रासहून लिहिलेली पत्रे सापडली. टिपूची दोन मुले ओलीस म्हणून मद्रासला होती, तेव्हा हे वकील त्यांच्यासोबत राहत होते. नबाबाने आपल्याशी धर्मबंधुत्वाच्या व आपुलकीच्या गोष्टी केल्या, असे त्यांनी सुलतानाला कळविले होते.

याशिवाय एक सांकेतिक शब्दावली सापडली. तीत नबाबाला ‘मानवजातीचा मित्र’, इंग्रजांना ‘नवे आलेले’, निजामाला ‘हीच’ म्हणजे काहीच नाही, आणि मराठ्यांना ‘पूच’ म्हणजे पोकळ, तुच्छ अशी नावे दिली होती. मराठ्यांना बसलेला हा शेरा वाचून हसू येईल. पण वेलस्लीला या यादीत राजद्रोह दिसला. परवानगीवाचून परराज्याशी पत्रव्यवहार न करण्याचे बंधन नबाबाने मोडले, सबब तह रद्द, असा निष्कर्ष त्याने काढला.

१८०० मध्ये श्रीरंगपट्टण येथे या दोन वकिलांचे जबाब घेण्यात आले. चौकशी करणारे अधिकारी होते वेब आणि बॅरी क्लोज. दोघेही सचोटीचे म्हणून ख्यात, परंतु सरकारचेच नोकर. वकील आता इंग्रजांच्या सत्तेखाली होते व मालकाविरुद्ध बोलण्यात त्यांचा तोटा नव्हता. तरीही दोघांनी सांगितले की, नबाबाचे बोलणे शिष्टाचाराचे होते. सुलतानाला बरे वाटावे म्हणून आम्ही त्यात भर घालून लिहीत होतो. या साऱ्या प्रकरणात भारतीय माणसांचा आवाज ऐकू येतो तो एवढाच, आणि तोही निष्फळ ठरला. ज्याच्यावर आरोप होता त्या नबाबाला तो हयात असेपर्यंत कोणी काही विचारले नाही. जुलै १८०१ मध्ये तो मरण पावला, तेव्हा आरोप त्याच्या मुलापुढे ठेवण्यात आला. मुलाने राज्य सोडण्यास नकार देताच त्याला बाजूला सारून अझीम-उद्-दौला या चुलतभावाला नामधारी नबाब करण्यात आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कर्नाटकचा कारभार कंपनीकडे गेला. पुराव्याला दोन वर्षे दाबून ठेवणे आणि आरोपी मेल्यावर त्याच्या वारसाला शिक्षा देणे, ही रीत कोणत्याही न्यायशास्त्रात बसत नाही. जेम्स मिल याने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात हे कागद एकेक करून तपासले व त्यांतून अपराध शाबीत होत नाही, असा निर्वाळा दिला. मिलच्या हिंदी संस्कृतीविषयीच्या मतांवर विश्वास ठेवण्याजोगे फार थोडे आहे; परंतु आपल्याच देशाच्या अधिकाऱ्यांची उलटतपासणी करताना तो वकिलाइतका काटेकोर असतो.

अखेर वेलस्लीला धक्का बसला तो मराठ्यांमुळे. वसईचा तह आणि १८०३ चे युद्ध यांमुळे कंपनीचे कर्ज इतके फुगले की, संचालकांचा धीर सुटला. १८०५ मध्ये कॉर्नवॉलिसला पुन्हा पाठवून त्याला मोकळे करण्यात आले. पार्लमेंटपुढे त्याला खेचण्याचे काम जेम्स पॉल याने अंगावर घेतले. स्कॉटलंडमधील पर्थ येथील एका शिंप्याचा हा मुलगा लखनौमध्ये व्यापार करून श्रीमंत झाला होता. नबाबाने त्याला अवधमध्ये येण्यास बंदी केली असता ती वेलस्लीच्याच मध्यस्थीने उठली होती, त्यामुळे कृतघ्नतेचा शिक्का त्याच्यावर पहिल्या दिवसापासून बसला.

महाभियोगाची रीत अशी की, कॉमन्स सभागृहाने आरोप ठेवावा आणि लॉर्ड्स सभागृहाने न्यायनिवाडा करावा. वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ मध्ये असा महाभियोग सुरू झाला होता. तो सात वर्षे चालला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. त्याचा परिणाम असा झाला की, पुन्हा त्या वाटेला जाण्यास कोणी धजेना. त्या खटल्यातील एक प्रमुख वक्ता फॉक्स १८०६ मध्ये मंत्री झाला होता, आणि पंतप्रधान ग्रेनव्हिल तर वेलस्लीचा स्नेही. दुसरा महान वक्ता शेरिडन याने कर्नाटकचा प्रश्न मांडण्याची सूचना पूर्वीच दिली होती. सत्तेत आल्यावर त्याने ती सोडून दिली. पॉलने १८०६ मध्ये अवधविषयीचे आरोपपत्र मांडले. प्रत्येक आरोपासाठी कागद मागवावे लागत, ते छापावे लागत. छापील पानांची संख्या शेकड्यांनी वाढत गेली व ती वाचणाऱ्या सभासदांची त्या मानाने घटली. त्याच वर्षी पार्लमेंट बरखास्त झाले. वेस्टमिन्स्टरची निवडणूक पॉल हरला, पुढच्या वर्षी पुन्हा हरला, आणि निवडणुकांच्या खर्चाने धुऊन निघाला. मार्च १८०८ मध्ये लॉर्ड फोकस्टनने त्याच्या वतीने अवधचा ठराव मांडला. तो फार मोठ्या बहुमताने फेटाळला गेला आणि वेलस्लीच्या प्रशंसेचा ठराव संमत झाला. भावाच्या बचावासाठी सर आर्थर वेलस्ली सभागृहात बसलेला होताच. पुढच्याच महिन्यात पॉलने आत्महत्या केली.

त्यानंतर सर टॉमस टर्टन याने कर्नाटकचा विषय पुढे आणला. वकिलांची पत्रे, सांकेतिक शब्दावली, श्रीरंगपट्टणचे जबाब हे सर्व प्रथमच भर सभागृहात उलगडून पाहिले गेले. जून १८०८ मध्ये त्याचे ठरावही पडले. आरोपांच्या विरोधकांनी पुराव्याला उत्तर देण्यापेक्षा साम्राज्याचा लाभ पुढे केला. तरीही टर्टनचा खटाटोप वाया गेला, असे म्हणता येत नाही. मिलला जे कागद तपासता आले, ते पार्लमेंटने छापले म्हणूनच. वेलस्ली मात्र १८०९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाला, आणि १८३७ मध्ये कंपनीने त्याच्या सेवेबद्दल वीस हजार पौंड दिले व त्याचा पुतळा उभारण्याचे ठरविले.

त्या वर्षी म्हैसूरचा कृष्णराज वडियार पदच्युत स्थितीत आपल्या राजवाड्यात राहत होता. नगर प्रांतातील उठावानंतर, १८३१ मध्ये, गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंकने त्याचा कारभार काढून घेतला होता. १७९९ च्या तहाने असा अधिकार खंडणीची वसुली धोक्यात आल्यास दिला होता. चौकशी समिती नेमली गेली ती कारभार घेतल्यानंतर. तिने १८३३ मध्ये अव्यवस्था होती हे मान्य केले, पण राजावरील आरोप अतिशयोक्त असल्याचेही दाखविले. बेंटिंकने मग जे केले, ते वेलस्लीने कधीच केले नव्हते. आपल्या कृतीला तहाचा आधार कितपत आहे, याविषयी त्याने १८३४ मध्ये संचालकांकडे स्वतःच शंका व्यक्त केली, आणि राज्याचा बराचसा भाग राजाला परत द्यावा, असे सुचविले. संचालकांनी ते मानले नाही. कृष्णराज अर्जामागून अर्ज करीत राहिला. १८६८ मध्ये तो वारला. त्याच्या दत्तक पुत्राच्या हाती, चामराजेंद्र वडियारच्या हाती, म्हैसूरचा कारभार सोपविण्यात आला तो २५ मार्च १८८१ रोजी.